आरोग्यविमा आणि घरखर्चाची वही

आमच्या घरीं वडिलांच्या हातच्या जमाखर्चाच्या वह्या अजून जपून ठेवलेल्या आहेत. लाल कापडी पुठ्ठ्याच्या त्या लांबट वह्या १९६८ सालापासून सुरू होतात. वडील शाळामास्तर होते. पगार बेताचा, त्यांतली पै न् पै कोठें गेली हें रात्रीं जेवणें आटोपल्यावर लिहून ठेवल्यावांचून ते अंथरुणास पाठ टेकीत नसत. किराणा, दूध, घरभाडें, मुलांची फी, गांवीं पाठविलेले पैसे, हीं सदरें दरमहा ठरलेलीं. औषधपाण्याला मात्र स्वतंत्र सदर नव्हतें. मध्येंच एखाद्या पावसाळ्यांत ‘डॉक्टर व औषध’ अशी ओळ येते आणि जाते. आमच्या पेठेंतले डॉक्टर दवाखान्यांतच मिक्श्चर तयार करून बाटलींत भरून देत, बाटलीवर कातरलेल्या कागदाची पट्टी चिकटवून डोस दाखवीत, आणि फी व औषध मिळून जें काय होई तें महिन्याच्या हिशेबांत सहज सामावून जाई. आजारपण हा प्रसंग होता. तो नेमाचा खर्च नव्हता.

१९८८ च्या वहींत एका पानावर नवाच शब्द दिसतो : ‘मेडिक्लेम’. पुढें दरसाल त्याच महिन्यांत तो पुन्हां येतो. वर्षाला एकच ओळ. या एका ओळीविषयीं आज मला आपणांशीं बोलावयाचें आहे. कारण आपणांपैकीं पुष्कळांच्या घरीं आतां ती ओळ आहे, आणि ती इतर ओळींसारखी नाहीं हें ध्यानांत यावयाला बहुधा उशीर होतो.

इतर खर्चांचा स्वभाव पाहा. मुलांची फी कांहीं वर्षें वाढते आणि मुलें मिळवतीं झालीं कीं थांबते. घराचें कर्ज एक दिवस फिटतें. उतारवयांत माणसाच्या गरजा आटोपशीर होतात, मिळकतहि आटते, आणि दोहोंचा मेळ कसाबसा बसतो. आरोग्यविम्याचा हप्ता तेवढा उलट दिशेनें चालतो. मिळकत चढत असते तेव्हां तो लहान असतो. मिळकत थांबली कीं तो मोठा होऊं लागतो. हा त्याचा स्वभाव ज्यानें आरंभींच ओळखला त्याला विमा उपयोगीं पडतो. ज्यानें ओळखला नाहीं, त्याच्या हातून तो नेमका नको त्या वर्षीं सुटतो.

असें कां व्हावें? पहिलें कारण हें कीं, विमा आणि बचत यांची आपण गल्लत करतों. भिशी आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. दहा जणी दरमहा ठराविक रक्कम घालतात, चिठ्ठी उचलली जाते, आणि फेरी पुरी होईपर्यंत प्रत्येकीच्या हातीं आपला पैसा परत आलेला असतो. विम्याच्या भांड्यांत असें होत नाहीं. त्यांत हजार घरांनीं वर्गणी घातली, तर त्या वर्षीं ज्या थोड्या घरीं मोठें आजारपण आलें त्यांचीं इस्पितळाचीं बिलें त्यांतून भागतात, कंपनीचा खर्च व नफा निघतो, आणि वर्ष संपलें कीं भांडें रिकामें. पुढच्या वर्षीं पुन्हां नवी वर्गणी. ‘दहा वर्षें पैसे भरले, एकदांहि इस्पितळाची पायरी चढलों नाहीं, सारें फुकट गेलें,’ असें म्हणणारे गृहस्थ आपणांस भेटतात. तें फुकट गेलें नाहीं. दुसऱ्या कोणाच्या तरी बिलांत खर्ची पडलें. परंतु त्यांच्या नांवावर तें शिल्लकहि राहिलें नाहीं. तिसाव्या वर्षीं भरलेला हप्ता सत्तराव्या वर्षासाठीं राखून ठेवलेला नसतो.

मग दर वर्षाची वर्गणी ठरवावयाची कशी? या प्रश्नाचीं दोन उत्तरें गेल्या सुमारें दीडशें वर्षांत दिलीं गेलीं आहेत.

पहिलें उत्तर : ज्याची जेवढी मिळकत, तेवढी त्याची वर्गणी. जर्मनींत १८८३ सालीं बिस्मार्कनें कामगारांसाठीं आजारविम्याचा कायदा केला. वर्गणी मजुरीच्या मानानें बसे. तिचे दोन भाग कामगार देई व एक भाग मालक. आपल्याकडे १९४३ सालीं सरकारनें प्राध्यापक बी. पी. अदारकर यांच्यावर अशी योजना आंखण्याचें काम सोंपविलें. १९४४ सालीं त्यांनीं अहवाल दिला, १९४८ सालीं कर्मचारी राज्य विमा कायदा झाला, आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजीं कानपूर व दिल्ली येथें योजना सुरू झाली. १९५४ सालीं ती नागपूर व मुंबई या शहरांत आली. या योजनेंत वर्गणी पगारावर बसते. जुलै २०१९ पासून कामगाराच्या पगारांतून शेंकडा पाऊण रुपया आणि मालकाकडून शेंकडा सव्वातीन रुपये असा तिचा दर आहे. पंचविशीचा कामगार व पन्नाशीचा कामगार यांचा पगार सारखा असेल तर त्यांची वर्गणीहि सारखी. घरीं म्हातारे आईबाप आहेत म्हणून ती वाढत नाहीं.

दुसरें उत्तर : ज्याचा जेवढा धोका, तेवढी त्याची वर्गणी. धोका मोजण्याचें सर्वांत सोपें माप म्हणजे वय. १९८६ सालीं सरकारी मालकीच्या चार साधारण विमा कंपन्यांनीं ‘मेडिक्लेम’ बाजारांत आणला, आणि कारखान्याच्या योजनेंत न बसणारे शिक्षक, वकील, दुकानदार, कारकून यांना इस्पितळाच्या खर्चाचा विमा खुला झाला. १९९९ सालीं विमा नियामक प्राधिकरणाचा कायदा झाला व खासगी कंपन्याहि या धंद्यांत उतरल्या. या विम्याचें दरपत्रक म्हणजे वयाचा जिना आहे. मात्र त्याच्या पायऱ्या सारख्या उंचीच्या नसतात. तिशी-चाळिशीच्या पायऱ्या बुटक्या, साठीनंतरच्या उंच. गुडघे दुखूं लागतात त्याच वयांत हा जिना उभा होतो.

पहिल्या पद्धतींत मिळकत घटली कीं वर्गणी घटते. दुसरींत मिळकत घटते त्याच सुमारास वर्गणी चढते. शहरांतलीं आपण सुशिक्षित कुटुंबें बहुतेक या दुसऱ्या पद्धतींत आहों.

वयाखेरीज हप्ता वाढविणारीं आणखीहि कारणें आहेत. औषधोपचार स्वतःच बदलला आहे. हृदयाची रक्तवाहिनी आकसली तर फुग्यानें ती रुंद करून आंत स्टेंट बसवितात. झिजलेला गुडघा काढून कृत्रिम सांधा घालतात. पूर्वीं जेथें वैद्य हात टेकीत तेथें आज उपाय आहे. हें मोठेंच भाग्य, पण त्याचें बिल विम्याच्या भांड्यांतून जातें आणि तें भांडें आपणच भरतों.

दुसरें कारण कंपन्यांच्या हिशेबांत आहे. १ जानेवारी २००७ पर्यंत आगीच्या विम्याचे दर ठरवून दिलेले असत व त्यांत नफा चांगला असे. आरोग्यविम्यांतली तूट त्या नफ्यांत झांकून जाई. ते दर मोकळे झाले, आगीचा विमा स्वस्त झाला, आणि आरोग्यविम्याला स्वतःच्या पायांवर उभें राहावें लागलें. आजहि सर्व कंपन्यांचा हिशेब सारखा नाहीं. २०२३–२४ सालीं सरकारी कंपन्यांनीं हप्त्याच्या दर शंभर रुपयांमागें शंभराहून अधिक रुपये दाव्यांपोटीं दिले. केवळ आरोग्यविमाच करणाऱ्या कंपन्यांनीं सुमारें पासष्ट. एकीकडे तूट भरून काढावयाची म्हणून दर चढतो, दुसरीकडे दलाली, जाहिरात व व्यवस्थापन यांचा भार दरांत असतो.

तिसरें कारण नाजूक आहे. हप्ता वाढला कीं प्रथम निघून जातात ते धडधाकट लोक. ‘आपल्याला काय होतें?’ असें म्हणून ते विमा सोडतात. मागें उरतात ते ज्यांना विम्याची गरज आहे ते. मग दर माणशीं खर्च वाढतो, हप्ता पुन्हां वाढतो, आणि पुन्हां कांहीं लोक जातात. कराचा बोजा मात्र आतां उतरला आहे. जुलै २०१७ पासून हप्त्यावर शेंकडा १८ वस्तुसेवाकर पडत असे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक व कौटुंबिक आरोग्यविम्यावर तो शून्य करण्यांत आला.

आतां थोडें गणित. श्रोत्यांनीं कागद-पेन्सिल घ्यावी. आंकडे कल्पित आहेत, पण चाल खरी आहे. एका गृहस्थांचें वय पस्तीस, कुटुंबाची वार्षिक मिळकत सहा लाख रुपये, आरोग्यविम्याचा हप्ता दहा हजार. मिळकत दरसाल शेंकडा सात आणि हप्ता शेंकडा दहा या मानानें वाढतो असें धरूं. फरक अवघा तिनाचा. आरंभीं शंभर रुपयांच्या मिळकतींतून १ रुपया ६७ पैसे हप्त्याला जातात. साठाव्या वर्षीं मिळकत सुमारें ३२ लाख ५६ हजार आणि हप्ता १ लाख ८ हजार झालेला असतो. म्हणजे शंभरांत ३ रुपये ३३ पैसे. ओझें दुप्पट झालें, पण पंचवीस वर्षांत झालें म्हणून जाणवलें नाहीं. त्याच वर्षीं ते निवृत्त होतात. मिळकत निम्म्यावर येते व तेथेंच थांबते. हप्ता एका पैशानेंहि न वाढतां शंभरांत ६ रुपये ६५ पैसे होऊन बसतो. आणि सत्तराव्या वर्षीं हप्ता २ लाख ८१ हजारांवर जातो, तेव्हां शंभरांतले सव्वासतरा रुपये त्यालाच लागतात. पंचवीस वर्षांत जें दुप्पट झालें, तें पुढच्या दहा वर्षांत पांचपटीहून अधिक झालें.

जानेवारी २०२५ मध्यें नियामक प्राधिकरणानें असें बंधन घातलें कीं, साठ वर्षांवरील विमेदारांचा हप्ता वर्षाला शेंकडा दहापेक्षां अधिक वाढवावयाचा असेल तर कंपनीनें आधीं प्राधिकरणाशीं विचारविनिमय केला पाहिजे. हा दिलासा खरा आहे. पण वरच्या उदाहरणांत आपण शेंकडा दहा हीच वाढ धरली होती, हें विसरूं नये.

वडिलांच्या वहींत हें सारें घडलेलें आहे. २००० सालीं ते निवृत्त झाले. त्यानंतरच्या प्रत्येक वर्षीं ‘मेडिक्लेम’ या शब्दापुढचा आंकडा चढता आहे. इतर आंकडे मात्र त्यांनीं एकेक करून खालीं आणलेले दिसतात. एक वर्तमानपत्र बंद झालें, मग दुधाचा अर्धा लिटर कमी झाला. आणि २०१४ च्या वहींत त्या महिन्याच्या पानावर ‘मेडिक्लेम’ ही ओळच नाहीं. तिच्या जागीं वळणदार अक्षरांत लिहिलें आहे : ‘हप्ता वांचला. पोस्टांत ठेव.’ ते तेव्हां बहात्तर वर्षांचे होते. सव्वीस वर्षें चालविलेला विमा त्यांनीं सोडला, आणि आम्हां मुलांना सांगितलें नाहीं. आम्हीं विचारलेंहि नाहीं. वडिलांना पैशाविषयीं विचारण्याची आमच्या घरीं चाल नव्हती.

पुढच्याच पावसाळ्यांत ते घसरून पडले व खुब्याचें हाड मोडलें. शस्त्रक्रिया झाली; मागाहून छातींत संसर्ग झाला; इस्पितळांत तीन आठवडे गेले. पोस्टांतली ती ठेव पहिल्या दोन दिवसांतच संपली. बाकीचे पैसे आम्हीं भावंडांनीं कांहीं मोडून, कांहीं उसने घेऊन उभे केले. वडील बरे होऊन घरीं आले व पुढें चार वर्षें जगले. त्या वर्षांच्या वह्यांत आमच्या उसनवारीच्या परतफेडीचा हिशेब त्यांनीं स्वतःच्या हातानें लिहून ठेवला आहे. कोणीं सांगितलेलें नसतांना.

मी त्यांना दोष देत नाहीं. त्यांचा हिशेब त्या वर्षापुरता बरोबर होता; एका महिन्याच्या निवृत्तिवेतनाहून हप्ता मोठा झाला होता. चूक त्या वर्षाची नव्हतीच. ती १९८८ ते २००० या बारा वर्षांतली होती. हप्ता लहान असतो तेव्हांच मोठ्या हप्त्याची तरतूद करावयाची असते, ही गोष्ट आम्हां कोणाला सुचली नाहीं.

घराच्या वहींत डोकावल्यावर एकदां देशाच्या वहींतहि डोकावूं. राष्ट्रीय आरोग्यलेख्यांप्रमाणें २०१३–१४ सालीं देशांत आरोग्यावर झालेल्या दर शंभर रुपयांच्या खर्चापैकीं ६४ रुपये २० पैसे लोकांनीं थेट खिशांतून दिले होते. २०२१–२२ सालीं ही रक्कम ३९ रुपये ४० पैशांवर आली. त्याच काळांत सरकारचा वांटा वाढला, आणि खासगी विम्याचा वांटाहि ३ रुपये ४० पैशांवरून ७ रुपये ४० पैशांवर गेला. आंकडे समाधानाचे आहेत. परंतु विम्याचा हप्ता या ‘खिशांतल्या’ खर्चांत मोडत नाहीं; तो निराळ्या सदराखालीं जातो. घरच्या वहींत मात्र दोन्ही पैसे एकाच खिशांतून निघतात. शिवाय २०२२–२३ च्या कुटुंबखर्चाच्या पाहणींत शहरांत काय आणि खेड्यांत काय, इस्पितळांत दाखल न होतां केलेल्या औषधोपचाराचा खर्च हा दाखल होऊन केलेल्या खर्चाहून अधिक आढळला. रोजची रक्तदाबाची गोळी, चष्मा, तपासण्या हें बहुतेक विम्यांत बसत नाहीं. तेव्हां हप्ता भरला म्हणजे औषधपाण्याचें सदर मिटलें असें कोणीं समजूं नये.

मग गृहस्थानें व गृहिणीनें करावें काय? सर्वांत महत्त्वाची गोष्ट आधीं सांगतों. हप्ता लहान आहे तोंवर, प्रत्येक वेळीं हप्त्याइतकीच आणखी एक रक्कम ‘उद्यांचा हप्ता’ या नांवानें बाजूस टाकावी. वरच्याच उदाहरणांत पस्तिसाव्या वर्षापासून एकोणसाठाव्या वर्षापर्यंत ही रक्कम शेंकडा सात व्याजानें सांठविली, तर साठाव्या वर्षीं सुमारें १९ लाख रुपये जमतात, आणि पुढचे चौदा हप्ते, म्हणजे त्र्याहत्तराव्या वर्षापर्यंतचे, त्या निधींतूनच भरतां येतात. तरुणपणीं दहा हजारांच्या जागीं वीस हजार जड वाटतात हें खरें. पण शंभरांतले ३ रुपये ३३ पैसे तेव्हां सोसतात, सव्वासतरा रुपये म्हातारपणीं सोसत नाहींत.

दुसरी गोष्ट, कचेरीच्या विम्यावर विसंबूं नये. तो नोकरीबरोबर येतो आणि पुष्कळदां नोकरीबरोबरच जातो. प्रकृति चांगली असतांना घरचा स्वतंत्र विमा उतरावा. आधींपासून असलेल्या दुखण्यासाठीं थांबावयाची कमाल मुदत एप्रिल २०२४ मध्यें चार वर्षांवरून तीन वर्षांवर आली, आणि सलग पांच वर्षें विमा चालला कीं, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती लपविल्याच्या सबबीवर दावा नाकारतां येत नाहीं. हे सारे हक्क खंड न पडण्यावर अवलंबून आहेत. एकदां विमा तुटला कीं मोजणी पुन्हां पहिल्यापासून.

तिसरी गोष्ट, हप्ता झेपेनासा झाला तर विमा सोडूं नये, लहान करावा. विम्याची रक्कम कमी करतां येते. मूळ विमा थोडक्या रकमेचा ठेवून मोठ्या बिलापुरता वरचा ‘टॉप-अप’ विमा घेतां येतो. तो तुलनेनें स्वस्त पडतो. ऑक्टोबर २०११ पासून जुने हक्क सांभाळून दुसऱ्या कंपनीकडे जातां येतें. त्यासाठीं मुदत संपण्यापूर्वीं निदान पंचेचाळीस दिवस अर्ज करावा. पॉलिसींत खोलीच्या भाड्याची मर्यादा आहे काय, तेंहि पाहावें. त्या मर्यादेहून महाग खोली घेतली, तर नुसत्या भाड्यांतलाच फरक नव्हे, बिलांतल्या इतरहि रकमा त्याच प्रमाणांत कापल्या जातात.

चौथी गोष्ट पैशाची नाहीं. आईवडिलांना विचारा. ‘यंदाचा हप्ता भरला का?’ एवढाच प्रश्न. तो विचारण्यांत त्यांचा अपमान नाहीं. घरांत कोणी सत्तरी ओलांडलेलें असेल, तर २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजना मिळकतीची अट न ठेवतां त्यांना खुली झाली आहे व तींत कुटुंबाला वर्षास पांच लाखांपर्यंत इस्पितळाचा खर्च मिळतो, हेंहि त्यांना सांगा आणि त्यांचें कार्ड काढून द्या.

एवढें करूनहि एक प्रश्न उरतोच, आणि तो एकट्यादुकट्या घराच्या काटकसरीनें सुटणारा नाहीं. म्हातारपणाच्या आजाराचा खर्च ज्याचा त्यानें वयाप्रमाणें उचलावा, कीं सर्वांनीं मिळून मिळकतीप्रमाणें? अदारकरांनीं १९४४ सालीं कारखान्यांतल्या कामगारांपुरतें त्याचें उत्तर दिलें. सत्तरीवरील सर्वांना आयुष्मान योजना खुली झाली, हें त्याच दिशेचें आणखी एक पाऊल आहे. बाकीच्या आपण सर्वांनीं तें उत्तर अजून द्यावयाचें आहे.

तोंवर घरची वही आपल्या हातांत आहे. वडिलांच्या पश्चात् ती मीं पुढें चालविली आहे. दरसाल त्याच महिन्याच्या पानावर तींत आतां दोन ओळी असतात : एक हप्त्याची, आणि तिच्या खालीं उद्यांच्या हप्त्याची.